मालकी सोडायची कुणावर? कौटुंबिक ट्रस्ट आणि मालमत्तेची राखण

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

द्वारकानाथ टागोरांनी १८४० साली एक दस्त करून ठेवला. तेव्हा त्यांची भरभराट शिगेला पोचली होती. कार, टागोर अँड कंपनी ही त्यांची कलकत्त्यातली पेढी नीळ, रेशीम, साखर अशा अनेक व्यवहारांत होती. राणीगंजच्या कोळशाच्या खाणी तिच्याकडे होत्या आणि युनियन बँकेत द्वारकानाथांचा शब्द चालत होता. धंदा तेजीत असताना पडत्या दिवसांचा विचार करणारी माणसं थोडी. द्वारकानाथांनी तो केला. जमीनदारीचा एक मोठा भाग त्यांनी विश्वस्तांच्या स्वाधीन केला आणि उत्पन्न मुलांसाठी राखलं. त्यात वाडवडिलांकडून आलेली जमीन होती, तशी स्वतः विकत घेतलेलीही होती. उद्या पेढी बुडाली तरी तिच्या धनकोंना या जमिनीला हात लावता येऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

द्वारकानाथ १८४६ साली लंडनमध्ये वारले. दीड वर्षाच्या आत युनियन बँक कोसळली आणि १८४८ च्या जानेवारीत कार, टागोर कंपनीलाही टाळं लागलं. थोरले चिरंजीव देवेंद्रनाथ तेव्हा तिशीत होते. त्यांनी आत्मचरित्रात दिलेला हिशेब असा: देणं एक कोटी, येणं सत्तर लाख, तूट तीस लाखांची. धनकोंची सभा भरली. पेढीच्या वतीने सगळी मालमत्ता त्यांच्यापुढे ठेवण्यात आली आणि ट्रस्टमधल्या जमिनीवर मात्र कुणाचा हक्क पोचत नाही, हेही सांगण्यात आलं. कायद्याने ते बरोबर होतं. पण बाप गेला, लोकांचे पैसे बुडाले आणि आपण कागदाच्या आडोशाने जमीनदार राहायचं, हे देवेंद्रनाथांच्या मनाला पटेना. भावाशी बोलून त्यांनी ट्रस्टची मालमत्ताही धनकोंपुढे ठेवली. धनको चकित झाले. त्यांनी मालमत्ता ताब्यात घेतली, पण कुटुंबाच्या खर्चासाठी सालीना पंचवीस हजार रुपये बांधून दिले. पुढे कारभार पुन्हा टागोरांकडेच आला आणि कर्ज वर्षानुवर्षं फिटत राहिलं. १८९० च्या दशकात रवींद्रनाथ ज्या शिलाईदहला, शहाजादपूरला, पतिसरला जमीनदारीचा कारभार पाहत राहिले, ती याच मालमत्तेतली ठिकाणं.

कौटुंबिक ट्रस्टबद्दल बोलताना या गोष्टीपासून सुरुवात करावी, कारण तिच्यात या विषयाचं बहुतेक सगळं येऊन जातं. दस्त टिकला, कारण तो संकटाच्या कितीतरी आधी झाला होता. तो टिकला, कारण द्वारकानाथांनी मालकी खरोखर सोडली होती. आणि संरक्षण नाकारण्याची वेळ आली तेव्हा तो निर्णय ज्यांच्यासाठी ट्रस्ट केला होता त्यांनीच घेतला.

आपल्याकडे ट्रस्ट म्हटलं की देवस्थान, शाळा, धर्मार्थ दवाखाना डोळ्यांसमोर येतो. ते सार्वजनिक ट्रस्ट. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी १९५० चा कायदा आहे आणि धर्मादाय आयुक्त आहेत. घरच्या माणसांसाठी केलेला ट्रस्ट खाजगी असतो. त्याला १८८२ चा इंडियन ट्रस्ट्स ॲक्ट लागतो आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्याची नोंद होत नाही. रचना साधी आहे. मालक आपली मालमत्ता विश्वस्ताच्या नावे करून देतो. विश्वस्त ती सांभाळतो, वाढवतो, पण तिच्यातून स्वतःचा फायदा करून घेऊ शकत नाही. फायदा दस्तात नाव असलेल्या लाभार्थ्यांचा. जमीन किंवा घर असेल तर हा दस्त लेखी आणि नोंदणीकृत हवा, नाहीतर तो मृत्युपत्रातून आलेला हवा. शेअर, ठेवी, सोनं अशी जंगम मालमत्ता असेल तर ती विश्वस्ताच्या ताब्यात दिली की भागतं. हेतू काय, लाभार्थी कोण आणि मालमत्ता कोणती, या तिन्हींत संदिग्धता राहिली तर मात्र कायदा त्याला ट्रस्ट मानत नाही.

गाडी अडते ती मालकी सोडण्यापाशी. बाबांना ट्रस्ट हवा असतो आणि चेकबुकही आपल्याच खिशात हवं असतं. मग सल्लागार सांगतो की रद्द करता येईल असा ट्रस्ट करा. तो करता येतो. पण त्याचं उत्पन्न आयकराच्या दृष्टीने बाबांचंच राहतं, आणि जी मालमत्ता बाबा मनात येईल तेव्हा परत घेऊ शकतात तिला धनकोंपासून वेगळी म्हणणं न्यायालयात अवघड जातं. राखण हवी असेल तर ट्रस्ट रद्द न होणारा लागतो.

आता टागोरांचीच दुसरी गोष्ट, पाथुरियाघाटाच्या शाखेतली. प्रसन्नकुमार टागोर नामांकित वकील होते, कलकत्त्याच्या सदर दिवाणी अदालतीत सरकारी वकील होते. त्यांचा एकुलता एक मुलगा ज्ञानेंद्रमोहन १८५१ साली ख्रिस्ती झाला. पुढे इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झालेला तो पहिला हिंदी माणूस. प्रसन्नकुमारांनी मृत्युपत्रात त्याला काही ठेवलं नाही. कलकत्ता विद्यापीठाला कायद्याच्या अध्यासनासाठी मोठी देणगी दिली. टागोर लॉ लेक्चर्स ही व्याख्यानमाला तिच्यातूनच उभी राहिली. बाकीची अफाट मालमत्ता विश्वस्तांकडे सोपवून त्यांनी क्रम घालून दिला: आधी पुतण्या जतींद्रमोहन, मग त्याचा थोरला मुलगा, मग त्याचा थोरला मुलगा, पुढे त्याच धाटणीने जिथवर वंश चालेल तिथवर. इंग्रज उमरावांच्या घराण्यात चालत आलेली ही पद्धत होती.

प्रसन्नकुमार १८६८ मध्ये वारले आणि प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. १८७२ च्या निकालाने सांगितलं की हिंदू कायद्यात अजून जन्माला न आलेल्या माणसाला अशी देणगी देता येत नाही आणि वारशाची नवी परंपरा खाजगी माणसाला निर्माण करता येत नाही. जतींद्रमोहनांनी हयातीत उपभोग घ्यावा, नंतर मालमत्ता कायद्याच्या वारसाकडे जावी. कायद्याचा वारस म्हणजे ज्याला हेतुपुरस्सर वगळलं होतं तोच ज्ञानेंद्रमोहन. आयुष्यभर इतरांचे दस्त तपासलेल्या माणसाचा स्वतःचा दस्त असा उलटला.

पुढे १९१६ च्या कायद्याने जन्माला न आलेल्यांसाठी तरतूद करण्याची मुभा हिंदूंना मिळाली, पण मर्यादेसह. आज हयात असलेल्या व्यक्तींचं आयुष्य आणि त्यानंतर येणारा वारस सज्ञान होईपर्यंतचा काळ, एवढ्यापलीकडे खाजगी ट्रस्टमध्ये मालमत्ता अडकवून ठेवता येत नाही. नातवापर्यंत नजर पोचू शकते. पणतवंडांच्या नातवंडांपर्यंत पोचवण्याचा हट्ट अनेक श्रीमंत घरांत अजून दिसतो, आणि त्यापायी महागडा मसुदा वाया जातो.

मुंबईतल्या घराण्यांनी वेगळी वाट काढली. सर जमशेटजी जीजीभॉय यांना १८५७ साली बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. किताब आहे पण इतमामाने राहायला पैसा नाही, असं पुढच्या पिढीत होऊ नये म्हणून मालमत्ता कायमची बांधून ठेवणं भाग होतं. साध्या दस्ताने ते होण्यासारखं नसल्याने १८६० साली खास कायदाच करून घेण्यात आला. माझगावचा वाडा आणि सरकारी रोखे विश्वस्तांकडे गेले, आणि जो वारस किताब घेईल त्याने जमशेटजी जीजीभॉय हेच नाव धारण करायचं, अशी अट आली. त्यामुळे पुढच्या बॅरोनेटांची मूळ नावं बाजूला पडली आणि सगळेच जमशेटजी झाले. मुस्लिम कुटुंबांत हीच गरज वक्फ-अलल-औलाद भागवत असे. १८९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने असा कौटुंबिक वक्फ रद्द ठरवला, तेव्हा देशभर नाराजी पसरली. मुंबईच्या मुस्लिमांचे प्रतिनिधी म्हणून कायदेमंडळात गेलेल्या महंमद अली जिना यांनी विधेयक मांडलं आणि १९१३ च्या कायद्याने ती पद्धत पुन्हा वैध झाली.

हे झालं सरदार-सावकारांचं. दादर, ठाणे, नाशिक, सांगलीच्या घरात याचा काय उपयोग? तिथे मालमत्ता म्हणजे एक सदनिका, गावाकडचा सातबारा, काही ठेवी, म्युच्युअल फंड आणि विम्याच्या पॉलिसी. आणि त्या घरात सगळ्यांत पक्का समज असतो तो हा की नॉमिनी लावला म्हणजे काम झालं.

हा समज मोडणारा निकाल एका मराठी घराच्याच प्रकरणात लागला. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर २०१३ साली गेले. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं. काही ठेवी आणि म्युच्युअल फंडांवर नॉमिनी होते. ती गुंतवणूक नॉमिनींची, की वारसाहक्काने सगळ्यांची, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोचला. १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनी कायद्यातलं नामनिर्देशन ही वारशाची तिसरी वाट नाही. नॉमिनी रक्कम स्वीकारतो. ती कुणाची, हे मृत्युपत्राने ठरतं आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याने. गंमत अशी की २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्याच एका न्यायमूर्तींनी शेअरचा नॉमिनी पूर्ण मालक होतो, असा नेमका उलटा निकाल दिला होता. न्यायमूर्तींतच मतभेद असतील, तर बँकेच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या विधवेला नॉमिनी आणि वारस यांतला फरक कळला नाही, यात नवल ते काय. विम्याच्या पॉलिसीबाबत सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट १९८४ साली सांगून ठेवली होती. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विम्यात मात्र पती, पत्नी, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांना त्या रकमेवर प्रत्यक्ष हक्क मिळू लागला.

मग मृत्युपत्र करावं, हयातीतच बक्षीसपत्र करून द्यावं, की ट्रस्ट? महाराष्ट्रात या प्रश्नाचं अर्धं उत्तर मुद्रांक शुल्क देतं. राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मूळ मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये. शहरांतले अधिभार वेगळे. तीच सदनिका हयातीत कौटुंबिक ट्रस्टच्या नावे करायची म्हटली, तर ती सवलत मिळत नाही आणि बाजारभावावर टक्केवारीने शुल्क लागतं. दोन कोटींच्या सदनिकेत ते काही लाखांवर जातं. लाभार्थी तीच मुलं, तरीही. मृत्युपत्रावर मात्र मुद्रांक शुल्क नाही आणि त्याची नोंदणीही सक्तीची नाही. त्यामुळे जाणते वकील बहुधा मधला मार्ग सुचवतात: ठेवी, शेअर, फंड हे हयातीत ट्रस्टमध्ये, आणि घर मृत्युपत्राद्वारे त्याच ट्रस्टकडे. सरकारने ही विसंगती दूर करायला हवी. सरळ मुलाच्या नावावर घर करून देणाऱ्याला सवलत आणि त्याच मुलासाठी जपून व्यवस्था लावणाऱ्याला दंड, याला अर्थ नाही.

२०० रुपयांच्या मोहाने बक्षीसपत्र करून बसलेल्या आईवडिलांची प्रकरणं उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात रोज येतात. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ सांगतं की सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर व्यवहार रद्द होऊ शकतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी अट असल्याचं दिसायला हवं, असं म्हटलं. जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावला. पण वयाच्या पंचाहत्तरीत पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करायला कोणत्या आईबापाला आवडेल? ट्रस्टमध्ये हाच प्रश्न आधी सोडवता येतो. दोघांपैकी मागे राहील त्याला तहहयात राहण्याचा आणि उत्पन्नाचा हक्क, त्यानंतर मुलांकडे वाटणी, असं दस्तातच लिहिलं की मुलाच्या मर्जीवर काही राहत नाही.

परदेशी स्थायिक मुलं आली की गोंधळ वाढतो. न्यू जर्सीतला मुलगा फोनवर सांगतो, बाबा, लिव्हिंग ट्रस्ट करून टाका, इथे सगळेच करतात. तिकडे त्याचा मुख्य उपयोग प्रोबेटची दगदग टाळण्याचा, आणि तो बहुधा रद्द करता येण्याजोगा असतो. भारतातल्या कर आणि मुद्रांक कायद्यात तो नमुना जसाच्या तसा बसत नाही. उलट पुण्यातल्या ट्रस्टमधून त्या मुलाला रक्कम गेली की अमेरिकेच्या दृष्टीने तो परदेशी ट्रस्ट ठरतो आणि त्याला तिकडे फॉर्म ३५२० भरून माहिती द्यावी लागते. न भरल्यास दंड जबर असतो. हे त्या फोनवर सहसा सांगितलं जात नाही.

कराबद्दल दोन-तीन गोष्टी. लाभार्थी आणि त्यांचे हिस्से दस्तात ठरलेले असतील, तर उत्पन्नावर त्या त्या लाभार्थ्याच्या दराने कर लागतो. कुणाला किती द्यायचं हे विश्वस्तांच्या विवेकावर सोपवलं असेल, तर सर्वसाधारणपणे सर्वोच्च दर लागतो. मृत्युपत्राने केलेला, आणि त्या व्यक्तीने तसा केलेला एकमेव ट्रस्ट याला यात सवलत आहे. आणि मृत्युकर? १९५३ साली आलेला एस्टेट ड्यूटी कायदा १९८५ मध्ये गुंडाळला गेला. त्याचा वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत होता. तो परत येणार अशी आवई अधूनमधून उठते आणि त्या भीतीने ट्रस्टचे मसुदे विकले जातात. न आलेल्या कराच्या भीतीने आजची मालकी सोडणं हा फार शहाणपणाचा व्यवहार नव्हे. नोंदणीकृत कंपन्यांच्या प्रवर्तक घराण्यांचं गणित निराळं आहे. शेअर कुटुंबाच्या ट्रस्टमध्ये नेताना खुला देकार टाळण्यासाठी सवलत कशी मिळेल, हे सेबीने २२ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलं आहे.

सामान्य माणसाच्या हाताशी असलेला सगळ्यांत स्वस्त ट्रस्ट मात्र दुसरीकडेच आहे, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा, कलम ६. विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्याचा विमा उतरवताना तो बायकोसाठी, मुलांसाठी किंवा दोघांसाठी असल्याचं या कलमाखाली लिहून दिलं की ती पॉलिसी त्या क्षणी ट्रस्ट होते. ती रक्कम त्याच्या मालमत्तेचा भाग राहत नाही, त्याच्या ताब्यात राहत नाही, त्याच्या धनकोंनाही मिळत नाही. हा कायदा हिंदूंना लागू आहे का, यावर न्यायालयांत वाद होते. मद्रास इलाख्यात १९१३ च्या अखेरीपासूनच्या आणि उरलेल्या देशात १ एप्रिल १९२३ पासूनच्या पॉलिसींना तो लागू असल्याचं दुरुस्तीने ठरलं, आणि हिंदू, मुस्लिम, शीख, जैन सगळेच त्यात आले.

इचलकरंजीतला यंत्रमागवाला, भिवंडीतला गोदामवाला, जिल्हा परिषदेची कामं घेणारा कंत्राटदार, यांनी बँकेला वैयक्तिक हमी लिहून दिलेली असते. धंदा बसला तर बँक घरापर्यंत येते. या कलमाखाली घेतलेली पॉलिसी असेल, तर निदान ती रक्कम बायकोमुलांची राहते. वेगळा दस्त नको, मुद्रांक नको, वकील नको. प्रस्तावाच्या वेळी विमा कंपनीची एक पुरवणी भरायची, एवढंच. पण ती त्याच वेळी भरावी लागते. पॉलिसी चालू झाल्यावर हे जोडता येत नाही. एकदा केलं की लाभार्थी बदलता येत नाहीत, नवऱ्याला त्यावर कर्ज काढता येत नाही, आणि पॉलिसी मोडली तरी पैसा लाभार्थ्यांचाच. आईवडिलांना मात्र या कलमाखाली लाभार्थी करता येत नाही. विमा एजंटांनी प्रत्येक दुकानदाराला हे सांगायला हवं. ते सांगत नाहीत, कारण त्याने कमिशन वाढत नाही.

त्याच कलमात एक ओळ अशीही आहे की धनकोंना फसवण्यासाठी पॉलिसी घेतली होती हे सिद्ध झालं, तर पॉलिसीच्या रकमेतून आपलं देणं वसूल करण्याचा धनकोंचा हक्क अबाधित राहतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३ हीच गोष्ट सर्व मालमत्तांबद्दल सांगतं. धनकोंना हुलकावणी देण्याच्या हेतूने केलेलं हस्तांतरण धनकोंच्या मागणीवरून रद्द होतं. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने मागे जाऊन असे व्यवहार तपासण्याची मुभा दिली आहे. विजय मल्ल्या प्रकरणात डिआजियो कंपनीकडून आलेले ४ कोटी डॉलर मुलांच्या नावे वळवले गेले. न्यायालयाचे आदेश असताना हे केलं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अवमान झाल्याचं ठरवलं, आणि जुलै २०२२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा सुनावून ती रक्कम व्याजासह परत करायला सांगितलं. द्वारकानाथांनी पेढी बुडण्याच्या सात-आठ वर्षं आधी केलं ते आणि वसुलीची नोटीस आल्यावर केलं जातं ते, यांत कायदा हा फरक करतो.

जे आपलं नाही ते ट्रस्टमध्ये टाकता येत नाही, हेही सांगायला हवं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा जन्मतःच असतो. महाराष्ट्राने ही दुरुस्ती १९९४ मध्येच केली, केंद्राने २००५ मध्ये, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते हा वादही मिटवला. तरीही बहिणींचा हिस्सा बाजूला सारून ‘फॅमिली ट्रस्ट’ करून द्या, असं सांगत लोक वकिलाकडे येतात. आपल्या वाट्यापुरताच ट्रस्ट होतो. बहिणीचा वाटा तिच्या सहीशिवाय जात नाही. गोव्यात तर बंधन आणखी कडक आहे. तिथल्या समान मालमत्तेच्या पद्धतीत लग्नाबरोबर अर्धी मालकी जोडीदाराची होते, आणि उरलेल्यातही मुलांसारख्या सक्तीच्या वारसांना अर्धा वाटा द्यावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये गोव्याच्या एका कुटुंबाच्या प्रकरणात सांगितलं की गोवेकराची मुंबईतली मालमत्ताही याच नियमाने वाटली जाईल. पणजीहून मुंबईत घर घेतलं म्हणून कायदा मागे राहत नाही.

ट्रस्टची खरी निकड ज्या घरात आहे, तिथे या साऱ्या कायदेबाजीपेक्षा साधा प्रश्न असतो: आमच्या मागे हिचं कसं होणार? स्वमग्न, बौद्धिक अक्षमता असलेलं किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल वयाने अठराचं होतं, पण व्यवहार करू शकत नाही. अशा व्यक्तीसाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून पालक नेमून घेता येतो. हा पालक तिची काळजी घेतो. पैसा मात्र ट्रस्टमध्ये ठेवलेला बरा, कारण तिच्या थेट नावावर ठेव असेल तर सही तिची लागते, आणि भावाच्या नावावर असेल तर भावाच्या घटस्फोटात किंवा कर्जात ती ओढली जाते. दस्तात मोघम लिहून चालत नाही. औषधं, थेरपी, दिवसभर सोबत करणारी बाई, निवासी संस्थेची फी, वर्षातून एकदा बाहेरगावी नेणं, कोणत्या गोष्टीने ती घाबरते, काय खात नाही, हे सगळं सोबतच्या पत्रात लिहून ठेवलं तर विश्वस्ताचं काम निम्मं होतं. असं पत्र आईने लिहिलेलं उत्तम, कारण तपशील तिलाच माहीत असतो.

आणि विश्वस्त कोण? कायद्याने विश्वस्ताला मोबदला मागता येत नाही, दस्तात तशी तरतूद असेल तरच. नातेवाईक फुकट काम करतात आणि पाच वर्षांनी कंटाळतात. बँका आणि त्यांच्या ट्रस्टी कंपन्या फी घेतात, ती छोट्या मालमत्तेला परवडत नाही. म्हणून एक घरचा आणि एक बाहेरचा, सी.ए. किंवा जुना स्नेही, अशी जोडी बरी. बाहेरच्याला थोडा का होईना पण ठरावीक मोबदला लिहून ठेवावा. वारस विश्वस्त कसा नेमायचा हेही दस्तात असावं. नसेल तर कायदा मार्ग देतो, पण तो न्यायालयातून जाऊ शकतो. पुतण्याला विश्वस्त करताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. त्या मुलीच्या मागे उरलेली रक्कम कुणाला, हे दस्तात नसेल, तर १८८२ च्या कायद्याच्या कलम ८३ प्रमाणे ती ट्रस्ट करणाऱ्याच्या वारसांकडे परत जाते. आईवडील गेलेले, भावंडं नाहीत, अशा घरात तो वारस बहुधा हाच पुतण्या. म्हणजे मुलीच्या थेरपीवर जो रुपया खर्च होणार नाही, तो शेवटी त्याच्याच खिशात येणार. पुतण्या भला असेलही. पण त्याच्यावर हा मोह लादायचं कारण नाही. उरलेली रक्कम ती राहत असलेल्या संस्थेला किंवा दुसऱ्या कुणाला, असं दस्तात एका वाक्यात लिहिता येतं.